डावी टाच

१

नाव बाहेरून कुणीही बनवील. लाकडाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या घ्यायच्या, साच्यावर एकीला एक चिकटवत जायचं, घासायचं, वरून रेझिनचा हात मारायचा. चिकाटी असली की झालं. लोक येतात, तिच्या पाठीवरून हात फिरवतात, "काय सुंदर हो" म्हणतात आणि चहा पिऊन जातात. मला त्याचं काडीचं कौतुक नाही. खरं काम आतलं. मी म्हणतो ती नाव म्हणजे कयाक, एकट्याने वल्हवायची, वरून झाकलेली चिंचोळी नाव. कयाकमध्ये माणूस बसत नाही, माणूस ती कमरेला घालतो, विजार घालतो तशी. आत जागा जास्त झाली तर माणूस घरंगळतो आणि नाव त्याचं ऐकत नाही. कमी झाली तर नाव पालथी झाल्यावर माणूस बाहेर निघत नाही. या दोन्हींच्या मधली जागा असते कागदाच्या जाडीएवढी. ती शोधायची असते.

मी कपाटं करणारा सुतार. माझ्या हातचा खण आजवर अडकला नाही की खडखडला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगतो, कुणाच्या बापाचं काय जातं? पण कयाक मी जन्मात एकच केली. माझ्या लेकीसाठी.

घरात तिला आम्ही ठकी म्हणतो. चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, लोकांचे नंबर तपासते आणि घरी येऊन त्यांच्या नकला करते. काही वर्षांपूर्वी झालेल्या अपघातानंतर तिचा डावा पाय उजव्यापेक्षा अंगठ्याएवढा आखूड राहिला. गुडघा पुरता वाकत नाही, डावी टाच जमिनीला टेकत नाही. रस्त्याने चालली की लोक आधी पायाकडे बघतात आणि मग चेहऱ्याकडे, तेही कीव घेऊन. पाण्यावर मात्र तिचा कमरेपासून वरचाच भाग दिसतो. तळ्यावरच्या क्लबात ती वल्हं मारायला लागली आणि वर्षाच्या आत तिने भल्याभल्यांना मागे टाकलं. मी काठावर उभा राहून बघायचो. तिथे कुणी तिच्या पायाकडे बघत नव्हतं.

पण क्लबच्या नावा दोन सारख्या पायांच्या माणसांसाठी केलेल्या. एकदा सरावात नाव पालथी झाली आणि तिचा डावा गुडघा आत अडकला. कोचने उडी मारून तिला ओढून काढलं. घरी आली तेव्हा ओठ निळे पडले होते आणि तरीही म्हणे, "पुढच्या वेळी निघेन मी." हिच्या आईची त्या दिवसापासून झोप उडाली. कोचचा नियम असा, की मोठ्या पाण्यावर एकटं जायचं तर आधी सगळ्यांसमोर नाव मुद्दाम पालथी करायची आणि आपली आपण सुटून वर यायचं. ठकी ती परीक्षा देणार म्हणजे देणार. हट्टाच्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे.

मग मीच म्हणालो, तुझ्या पायाची नाव मी करतो. ती तुला धरील आणि तू म्हणशील तेव्हा सोडील.

२

खडू लावून बसवणं ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. दोन लाकडं एकमेकांत बसवायची असली की एकाला खडू चोळायचा, दुसऱ्यात बसवून बघायचं आणि परत काढायचं. जिथला खडू पुसला गेला तिथे लाकूड अडतंय. तेवढंच तासायचं. परत खडू, परत बसवणं. डोळ्यांना जे दिसत नाही ते खडू दाखवतो.

ठकीच्या नावेचं आतलं सगळं मी असंच करायचं ठरवलं. बसायच्या जागेला ही मंडळी कॉकपिट म्हणतात. त्याच्या आत कमरेच्या दोन्ही बाजूंना फोमच्या गाद्या, वर मांड्या अडकवायला दोन लाकडी कमानी, पुढे पाय टेकायला दोन ठोकळे. ठोकळ्यांच्या थोडं पुढे मी आडवी पडदी घातली होती आणि तिच्यापुढचं टोक हवाबंद केलं होतं, म्हणजे पाणी शिरलं तरी नाव बुडायची नाही. या सगळ्यावर आणि वरच्या लाकडाच्या आतल्या अंगावर निळ्या खडूची पूड काठीला बांधलेल्या फडक्याने थापायची. ठकीने बसायचं, पाय दाबायचे, कंबर इकडून तिकडे हलवायची आणि उतरायचं. मग मी दिवा घेऊन आत डोकं घालायचं आणि खुणा वाचायच्या.

तिची अट एकच होती. "मी बसताना तू बघायचं नाहीस."

"अगं, बाप आहे मी तुझा."

"म्हणूनच."

आत शिरताना तिला डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवावा लागतो. ते कुणी बघितलेलं तिला चालत नाही. आईनेसुद्धा नाही. मी समजलो. असं ठरलं, की दुपारी मी जेवायला वर घरात जायचं आणि खालच्या कारखान्याचं दार लोटून ठेवायचं. ठकीने दुकानाच्या सुट्टीत मागच्या गल्लीने यायचं, बसायचं, उतरायचं आणि परत कामावर जायचं. संध्याकाळी आम्ही त्यावर चकार शब्द काढायचा नाही. दोघांनाही तसंच बरं वाटत होतं.

सुरुवातीच्या खुणा माझ्या ओळखीच्या होत्या. उजव्या पायाचं पूर्ण पाऊल. डाव्याची फक्त बोटं आणि चवडा, मागे खडू जसाच्या तसा. मी डावा ठोकळा जवळ आणला. डावीकडची गादी जाड केली. डावी कमान थोडी उतरवली आणि तिची कड गोल केली, म्हणजे गुडघा अडणार नाही. रोज थोडं तासायचं, रोज थोडं चिकटवायचं. नाव हळूहळू तिची होत चालली.

३

एका दुपारी जेवून खाली आलो, दिवा आत धरला आणि तसाच राहिलो. डाव्या बाजूला टाचेची खूण होती.

लहानशी. खडू नुसता हलल्यासारखा, बटणाएवढा डाग. मी डोळे पुसले, दिव्याची काच पुसली आणि परत बघितलं. टाच टेकली होती.

डॉक्टर म्हणाले होते, पाण्यात सराव चालू ठेवा, शिरा मोकळ्या होतील, सांगता येत नाही. डॉक्टरांचं सांगता येत नाही म्हणजे नाही, हे मी तेव्हाच धरून चाललो होतो. आता मी खाली भुशावर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. बरं झालं तिथे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खूण मोठी होती. तिसऱ्या दिवशी आणखी. मी कुणाला बोललो नाही. बोलून दाखवलं की हातचं जाईल असं वाटत होतं, आणि ठकी स्वतः बोलत नव्हती म्हणजे तिलाही तसंच वाटत असणार, असं मी धरून चाललो. मी खुणांच्या मागे मागे जात राहिलो. डावा ठोकळा पुढे सरकवला. डावी गादी पातळ केली. कमान उचलली. करता करता एका संध्याकाळी मी पट्टी लावून बघितली तर दोन्ही ठोकळे एका रेषेत आले होते.

"अहो, गुणगुणताय काय?" ठकीची आई जिन्यात उभी होती. "तब्येत बरी आहे ना?"

"माणसाने गुणगुणायचंही नाही का आता?"

"माणसाने गुणगुणावं. तुम्ही गुणगुणलात की भीती वाटते."

मी हसलो. खरंच सांगतो, इतका हलका मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो.

४

त्याच आठवड्यात एकदा सगळे जेवायला बसलो होतो. ठकी उशिरा आली, जिना धरून धरून. खुर्चीत बसली आणि डावा पाय समोरच्या स्टुलावर ठेवला. गुडघा सुजून पाव झाला होता. तिची आई गरम पाण्याची पिशवी घेऊन आली.

"जास्त ताण देऊ नकोस," मी म्हणालो. "चांगलं चाललंय. घाईने बिघडवू नकोस."

"काय चांगलं चाललंय?"

मला राहवलं नाही. "टाच टेकते तुझी. मी बघतो ना रोज."

ठकीने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "बाबा, कुठे बघतोस?"

"नावेत. खडूवर. तू रोज दुपारी बसतेस त्याच्या खुणा."

"मी कुठे बसते? गुडघा सुजल्यापासून मी खाली कारखान्यात पायच ठेवला नाही. दुकानातच डबा खाते. आईला म्हटलं होतं, बाबांना सांग म्हणून."

"अय्या, सांगायचं राहूनच गेलं," तिची आई म्हणाली आणि पिशवी सरळ करायला लागली. "पण तुम्ही रोज काम करत होता की. मला वाटलं, चाललंय काहीतरी."

हातातला घास मी परत ताटात ठेवला. ठकीला मी काहीबाही सांगितलं, जुन्या खुणा असतील, खडू ओला झाला असेल. तिने खांदे उडवले. तिला वाटलं, म्हातारा थकलाय.

जुन्या खुणा नव्हत्या त्या. रोज मी फडक्याने नवी पूड थापत होतो.

५

मी वेडा नाही. माणसाने आधी साधं कारण शोधावं. मी एकेकाचं नाव घेत गेलो. ठकीची आई? ती त्या कॉकपिटमध्ये एक मांडी घालील तर दुसरी बाहेर राहील, हे तिला सांगायची मात्र माझी छाती नाही. कोच? तो मोकळ्या वेळी तळ्यावर असतो आणि माझ्या डोक्याच्या वर जाईल एवढा उंच आहे. कुणी खोडी काढत असेल? माझी खोडी काढायला कोण येणार, माझ्याशी तर धड कुणी बोलत नाही. शिवाय कमरेच्या खुणा ठकीच्या मापाच्या होत्या. मांड्यांच्याही. सगळं तिचंच होतं, फक्त डावा पाय तिचा नव्हता.

मग मी दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप घातलं. किल्ली खिशात ठेवली. खिडकीला आतून अडसर लावला. पूड थापली आणि शेजारच्या खोलीत, जिथे मी फळ्या रचून ठेवतो तिथे, एका ठोकळ्यावर जाऊन बसलो. मधे एक लाकडी भिंत. बाहेर लख्ख दुपार. कुठेतरी कुणी गालिचा झटकत होतं. एक मोटारसायकल गेली. मला स्वतःचं हसू आलं. या वयात भिंतीला कान लावून बसायचं म्हणजे शोभलं.

मग घोडी वाजली. नाव ज्या दोन लाकडी घोड्यांवर ठेवली होती त्यांतली मागची, तिला वजन पडलं की कण्हल्यासारखा आवाज येतो. पुढचीचाही आवाज आला. मग फोमचा. फोम अंगाला घासला की कच्चकन बोलतो, तो आवाज माणसाच्या कमरेशिवाय निघत नाही. डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. कुणीतरी कंबर हलवून बघत होतं, मी ठकीला शिकवली होती अगदी तशी. घाई नव्हती. मग पायांचा दाब, लाकूड ताणल्याचा. मग काहीच नाही, बराच वेळ.

माझ्या हातात किल्ली होती आणि हात उठत नव्हता. शेवटी मीच मला शिवी घातली आणि कुलूप काढलं.

खोलीत कुणी नव्हतं. नाव घोड्यांवर अगदी थोडी डुलत होती आणि मी बघता बघता थांबली. खिडकीचा अडसर जागेवर. मी दिवा घेतला. दोन पूर्ण पावलं होती, दोन्ही टाचा, दोन्ही गुडघे, सगळं जुळं. इतकं चपखल बसलेलं मी माझ्या उभ्या आयुष्यात बघितलं नाही. एवढं तरी कबूल करायला हवं, की माझं काम उत्तम झालं होतं.

मग मी दिवा आणखी पुढे सरकवला. ठोकळ्यांच्या पुढे, पडदीजवळ, वरच्या लाकडाच्या आतल्या अंगावर खडू पुसलेला होता. एक गोल डाग, आणि त्याच्या जरा मागे एक छोटा ठिपका. मी मान वाकडी करून कितीतरी वेळ बघत राहिलो. ते कपाळ होतं, आणि नाकाचं टोक. पाय जातात तिथे कुणीतरी पाठीवर पडून तोंड वर लाकडाला टेकवलं होतं. तिथे मांजरालाही अंग चोरून जावं लागेल.

माझ्या बाहीने पुसलं असेल, असं मी मोठ्याने म्हणालो. माझी बाही तिथवर पोचत नाही. मी घालून बघितली.

६

ठकीला मी खाली बोलावलं. म्हणालो, आज माझ्यासमोर बसायचं. ती भडकली.

"आपलं ठरलं होतं."

"ठरलेलं मोडलं. बस."

"बाबा, तुला झालंय काय?"

मी अर्धंमुर्धं सांगितलं. कुलूप, आवाज. कपाळाचं नाही सांगितलं. ती आधी हसली, मग माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली. दोन्ही हातांनी पाय उचलून ती आत बसली, माझ्याकडे न बघता, दात आवळून. मला मान फिरवावीशी वाटत होती. मी फिरवली नाही.

तिचा डावा पाय ठोकळ्यापर्यंत पोचतच नव्हता. हवेत लोंबत होता. डावी कंबर गादीपासून सुटलेली आणि गुडघा कमानीखाली वेडावाकडा अडकलेला. मी महिनाभर केलेलं काम तिच्या अंगावर दुसऱ्याच्या कपड्यांसारखं दिसत होतं.

तिने कंबर आणि गादी यांमधल्या फटीत हात घालून बघितला. "हे कुणासाठी केलंस?"

"तुझ्यासाठीच केलं गं."

"नाही. मी जशी व्हायला हवी होते ना, तिच्यासाठी केलंस." आवाज चढला नव्हता. "मला वाटलं होतं, निदान तू तरी मी आहे तशीच्या मापाने करशील."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. मी तिला बाहेर यायला हात दिला, तो तिने घेतला नाही.

मी म्हणालो, ही नाव आपण फोडू. दुसरी करतो, सगळी नव्याने. ती म्हणाली, परीक्षा या रविवारी आहे, त्यानंतर कोच थेट पुढच्या हंगामात घेईल. "तुझी नसेल तर मी क्लबच्या नावेत देईन."

"त्यात तू अडकली होतीस."

"मग तुझी दे."

हट्टाच्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे, हे मी सांगितलंच. क्लबच्या नावेत ती अडकणार हे मला ठाऊक होतं. माझ्या नावेत काय होईल हे ठाऊक नव्हतं. मी माझी निवडली. आतलं सगळं उखडलं. खडू ओल्या फडक्याने पुसला, कानाकोपऱ्यातून पुसला. ठकीला रोज समोर बसवलं, तिचा पाय माझ्या हाताने धरून मापं घेतली, आणि तिने धरू दिला, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. डावा ठोकळा परत जवळ आणला, स्क्रू मारले, वरून रेझिन ओतलं. वाळल्यावर त्यावर हातोडी मारून बघितली. दगड झाला होता. शेवटी ठकी आत बसली, कंबर हलवली, पाय दाबले आणि एका झटक्यात बाहेर आली. परत बसली, परत आली. "जमलं," ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावरचा भुसा झटकला.

त्या दिवसांत घोड्या वाजल्या नाहीत. मी ऐकत होतो. कानात प्राण आणून ऐकत होतो.

७

रविवारी सकाळी तळ्यावर ऊन होतं. क्लबातली बरीच पोरं काठावर बसली होती, कुणी टॉवेल डोक्याला गुंडाळून, कुणी खात. ठकीची आई लांब पायरीवर बसली, तोंडावर पदर धरून. नाव गाडीवरून उतरवल्यावर मी आत हात घालून ठोकळे चाचपले होते. डावा जवळ, उजवा लांब. जागच्या जागी.

"काका, तुम्ही कशाला पाण्यात उतरताय?" कोच म्हणाला. "मी आहे ना."

"तुम्ही असा. मीही असतो."

तो हसला. तरुण पोरगा आहे, चांगला आहे. मी छातीभर पाण्यात उभा राहिलो. ठकी काठावरून नावेत बसली, सगळ्यांदेखत, दोन्ही हातांनी पाय उचलून. मला तिचा असा अभिमान वाटला की काय सांगू. मग वल्ह्याच्या एका फटक्यात ती माझ्या पुढ्यात आली.

"बाबा," ती म्हणाली, "काय केलंस रे तू? आज किती छान बसलीये. दोन्ही पाय कसे मस्त टेकलेत."

मीही हसलो. मग मला ऐकू आलं ती काय म्हणाली ते.

"दोन्ही?"

"हो. टाचेसकट." तिला स्वतःलाच नवल वाटत होतं. ती आपल्या मांड्यांकडे बघत होती, जणू त्या कुणी दुसऱ्याच्या आहेत. "बाबा, खालून कुणीतरी..."

"बाहेर ये," मी म्हणालो. "ठके, आत्ताच्या आत्ता बाहेर ये."

वाकून नाव पालथी करायची खूण म्हणून कोचची शिट्टी वाजली. ती कुणी ऐकली आणि कुणी वाकली मला माहीत नाही. ठकीचे डोळे माझ्याकडे होते आणि चेहऱ्यावर वाकायचा विचारही नव्हता, पण नाव कलली. आरामात, कुशीवर वळावं तशी. पाणी मिटलं आणि वर फक्त तिची लाकडी पाठ राहिली, मी घासून घासून गुळगुळीत केलेली.

मी पाण्यात पाय ओढत निघालो. छातीभर पाण्यात माणूस किती हळू चालतो. लाकडावर आतून दोनदा हात आपटला. मग खूप घाईने पुष्कळदा. मग थांबला.

कोच उडी मारायच्या बेतात होता, तेवढ्यात नावेच्या पलीकडे पाणी फुटलं आणि ठकी वर आली.

८

तिने केस मागे सारले, तोंडावरचं पाणी निपटलं आणि हात वर केला. काठावर टाळ्या झाल्या. कोच ओरडला, "पास!" आणि वाहत चाललेल्या वल्ह्यामागे पोहत गेला. मी पालथ्या नावेला धरून उभा होतो आणि मी हसत होतो की रडत होतो कुणास ठाऊक. ती माझ्या शेजारून गेली. माझ्याकडे बघून गोड हसली. मग उथळ पाण्यातून, चिखलातून, काठावरच्या उतारावरून चालत वर गेली.

सरळ चालत गेली. एकामागून एक सारखी पावलं टाकत, कुठेही न धरता.

टाळ्या थांबल्या. पोरं उठून उभी राहिली. ठकीची आई पायरीवरून उठली, पदर हातातून सुटला, आणि तिने असा हंबरडा फोडला की मला वाटलं हिला काही झालं. धावत जाऊन तिने लेकीला मिठी मारली. तिच्या गुडघ्याला हात लावला, पोटरीला लावला, टाचेला लावला. "अहो," ती मला हाका मारत होती, "अहो, या ना, बघा तरी, लेक कशी चालतेय तुमची. अहो, पाय बघा तिचा."

मी बघत होतो. इतकी वर्षं डोळे मिटले की हेच बघत होतो. तिथे जावं, दोघींना कवेत घ्यावं, घरी जावं. एवढंच करायचं होतं. मी नाव सोडायला हात काढला.

माझा डावा हात पाण्याखाली कॉकपिटच्या कडेला होता. आतून बोटं आली आणि त्यांनी तो धरला.

गार होती. जोर फार नव्हता, संपत आल्यासारखा. बापाला लेकीचा हात ओळखायला उजेड लागत नाही. लहानपणी रस्ता ओलांडताना ती अशीच धरायची, माझी दोन बोटं, सगळा हात नाही.

"बाबा." काठावरची हाक मारत होती. आवाज ठकीचा, सूर ठकीचा. आईच्या खांद्यावरून ती माझ्याकडे बघत होती. "नाव सोड आता. जाऊ दे ती."

"सोडा हो ते लाकूड," तिची आई हसत, डोळे पुसत म्हणाली. "या वर."

माझ्या दोन बोटांवरची पकड सैल होत होती. मी ती बोटं घट्ट आवळून धरली. काठाकडे पाठ केली. मग छाती भरून श्वास घेतला आणि पालथ्या नावेखाली डोकं घातलं.